तिकीटवाल्याला गाडीत जागा

लिपा, रविवार, १४ ऑक्टोबर १८८८

प्रिय फिना,

देव तुझं आणि पोरीचं भलं करो. इथे सगळं ठीक आहे. मी ठणठणीत, घोडी ठणठणीत. मनिलात तुम्हीही बरे असाल असं धरून चालते.

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र उघडायच्या आधी तू खुर्ची शोधली असशील. बस. कुणी मेलेलं नाही.

बोटीवरच्या खलाशाकडून तुला निरोप मिळाला असेल, की तुझा नवरा सुखरूप आहे आणि कामामुळे थोडा थांबलाय. तो निरोप मी पाठवला होता. कुणाकडून ते सांगायचं नाही, असं त्या खलाशाला मीच बजावलं होतं. नवरा कुठे थांबलाय ते पुढे येईलच. आधी घरची खबर ऐक.

पालोमा म्हातारपणी व्यायली. शिंगरू काळं आहे, कपाळावर पांढरा टिळा. कॉफीला असा भाव आलाय की इथल्या बायका चपलांना हिरे जडवून चिखलातून चालतात. ज्याला त्याला मनिलाला जायचंय. इथून कलांबापर्यंत गाडी, तिथून सरोवरातून बोट. तेव्हा मी एक मोठी गाडी केली, चार चाकांची, तीन घोड्यांची, खाली स्प्रिंगा. आत बसलं की पालखीत बसल्यासारखं वाटतं. तुझ्या बापाच्या, तातांगच्या वेळची जुनी कारोमाता मात्र विकलेली नाही. दोन चाकांची, एका घोड्याची, ढुंगणाला हाडं शिल्लक ठेवत नाही, पण पळते. ती सान्तो तोमासच्या ठाण्यावर ठेवलीय, घोडी बदलतो तिथे.

आपला कोचमन आम्ब्रोसिओ हिवतापाने पडला, म्हणून सध्या मीच हाकते. लोक म्हणाले, न्योरा कान्दिदा, या वयात? मी म्हटलं, या वयात घोडी माझं ऐकतात, माणसांचं काय ते बघा.

आता गेल्या बुधवारची गोष्ट.

कलांबाच्या धक्क्याला बोट लागली आणि सगळ्यांत आधी उडी मारून उतरले ते डॉन फुल्हेन्सिओ. तुला आठवत असतील, तानावानच्या पुढच्या मोठ्या कॉफीमळ्याचे कारभारी. मळ्याची सगळी माणसं, पाहुणे, पेट्या आपल्याच गाडीने जातात, म्हणून मी त्यांना आजवर सांभाळून घेत आले. एका जागेच्या भाड्यासाठी कोंबडीवाल्या बाईसारखे घासाघीस करणारे हे गृहस्थ. त्या दिवशी म्हणतात, "न्योरा, अख्खी गाडी माझी. दुसरं कुणी नको. आणि अंधार पडायच्या आत मला मळ्यावर पोचवा."

"घरी कुणी आजारी आहे का, डॉन?"

"घरी सगळे मजेत आहेत. मीसुद्धा मजेत आहे. चला."

मी घोडी जुंपत होते, तेवढ्यात एक काटकुळा माणूस धावत आला. डोक्याला मेणकापडाची टोपी, गळ्यात लॉटरीच्या तिकिटांची पिशवी. म्हणाला, "मागच्या फळीवर उभा राहतो. आत बसत नाही. तानावानच्या पुढे जायचंय, फार निकडीचं आहे."

मी पिशवीकडे बघितलं, तोंडाकडे बघितलंच नाही. माझा नियम तुला माहीत आहे, तुझ्यामुळेच तर झाला. म्हटलं, "वारा विकणाऱ्याला माझ्या गाडीत जागा नाही. फळीवरही नाही."

त्याने टोपी काढली, मान लववली आणि तो बाजूला झाला. आम्ही निघालो.

डॉन फुल्हेन्सिओंनी बाटली उघडली. गाडी हाकणाऱ्याला कान नसतात, अशी या लोकांची समजूत असते. ते स्वतःशीच गुणगुणायला लागले, "सात, तीन, एक, चार. सात, तीन, एक, चार."

फिना, तो नंबर मला पाठ आहे. त्या मळ्यावर कॉफी निवडणारी म्हातारी इम्पो सियांग. रस्त्याच्या कडेला तिची पडवी आहे. गाडी समोरून गेली की ती हात वर करून तिकिटाचा नंबर ओरडते, नमस्कारासारखा. "सात पोरं झाली, तीन जगली, नवरा एक, दात चार." हा नंबर त्या वाटेवरच्या बैलांनासुद्धा पाठ झालाय.

मी मान न वळवता म्हटलं, "इम्पो सियांगला लॉटरी लागली वाटतं."

गुणगुणणं थांबलं. मग ते हसले. "तुम्ही हुशार आहात, न्योरा. पहिलं बक्षीस. मनिलात भिंतीवर निकाल लावलाय, मी डोळ्यांनी बघून आलो. लिप्यात यादी यायला अजून अवकाश आहे. म्हातारीला वाचता येत नाही. मी तिला म्हणणार, सियांग, तुझं तिकीट जुनं झालं, पण मला तुझी दया येते, हे घे रेशमी कापड आणि तो कागद दे. ती माझा हात डोळ्यांना लावेल."

"आणि मी?"

"तुम्हाला मळ्याचं काम आहेच की. ते राहील."

यात धमकी कुठे होती ते मला बरोबर कळलं. मी घोड्यांना एक चाबूक जास्त दिला आणि म्हटलं, "डॉन, तुमचा दिवस आहे." ते खूश झाले.

सान्तो तोमासला पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. डाव्या घोडीचा पाय उचलला, नालेचा एक खिळा हाताने ढिला केला आणि तोंड पाडून त्यांना दाखवला. "नालबंदाला बोलवावं लागेल. नाही तर घोडी वाटेत बसेल, मग उद्याच पोचाल. तुम्ही आत बसा, जेवून घ्या. तळ्याची ताजी तावीलिस मासळी आलीय." तिन्ही घोडी मी एकदम सोडायला लावली. बदलीची घोडी आधीच चरायला पाठवली आहेत, असंही सांगितलं. तबेल्यात ती त्या वेळी गवत खात उभी होती. भूक माणसाला भोळं करते. ते आत गेले.

मी मागच्या दाराने कारोमाताकडे वळते, तर समोर तोच काटकुळा. कुणाच्या तरी मालाच्या छकड्यावर लोंबकळत, धूळ खात आला होता. मी विचारलं, "तुझी एवढी काय निकड आहे रे?"

"मळ्यावर एक आजी आहे. तिकीट मीच विकलं तिला. वाचता येत नाही म्हणून माझ्याकडून वचन घेतलंय, नंबर लागो न लागो, तोंडाने तूच येऊन सांगायचं. दर महिन्याला जातो. आजवर नाही लागला तेच सांगत आलो."

"नाही लागला हे सांगायला मनिलाहून येतोस?"

"इकडची गिऱ्हाइकं असतात, तिकिटं विकत येतो. पण हो, सांगतो. नाही तर ती वाट बघत बसते."

"आज काय मिळणार तुला?"

"कोंबडी देईन म्हणाली होती."

मी त्याच्याकडे बघितलं. या वेळी तोंडाकडे. चेहरा साधाच होता, पण डोळे खाली नव्हते. म्हटलं, "बस."

"तुमचा नियम?"

"ती गाडी वेगळी होती. ही माझ्या नवऱ्याची आहे. बस लवकर."

बालासला जुंपलं. बालास म्हणजे तोच तांबडा, तू गेलीस तेव्हा शिंगरू होता. आता त्याच्यासारखा घोडा कलांबापासून बातांगासपर्यंत नाही. आम्ही तानावान मागे टाकलं तेव्हा पाठीमागून ओरडा ऐकू आला. डॉन फुल्हेन्सिओंनी कुणाचं तरी घोडं मागून घेतलं होतं आणि जेवण अर्धं टाकून ते निघाले होते.

पुढे ओढा आहे. पुलावरून जायचं तर मोठा वळसा, आणि पुलावर ते आम्हाला गाठणार. डोंगरात पाऊस झाला होता, पाणी लाल होतं. मी ते पाणी रोज बघते. चाकाच्या मध्यापर्यंत येईल असा माझा अंदाज होता. अंदाज चुकला असं मी म्हणणार नाही. पाण्याखालचा धोंडा सरकला होता.

बालास मध्यावर बिचकला. तो माणूस न सांगता खाली उतरला, कमरेपर्यंतच्या पाण्यात, आणि घोड्याचं तोंड धरून बोलायला लागला. काय बोलला माहीत आहे? तू लहानपणी बोलायचीस तेच. "हय् माझ्या राजा, हय्, पलीकडे गूळ आहे." ते शब्द आपल्या तबेल्याबाहेर कुणाला माहीत नाहीत. मी लगाम ओढायचा विसरले. एक क्षणच. चाक धोंड्यावरून घसरलं, गाडी कलली आणि त्याचा पाय चाक आणि दगड यांच्यामध्ये सापडला.

हाड मोडल्याचा आवाज मी घोड्यांचा ऐकला होता. माणसाचाही तसाच असतो.

ओढून वर घेतलं. तो पांढरा पडला होता, पण म्हणतो, "मला इथे ठेवा आणि तुम्ही जा. नंबर तुम्हाला ठाऊक आहे." मी म्हटलं, "वचन कुणी दिलंय? मी की तू?" माझ्या खांद्यावरच्या रुमालाने पाय फळीला बांधला, त्याला बाकावर आडवा केला आणि हाकलं. शुद्ध जाऊ नये म्हणून त्याला बोलतं ठेवलं. नाव विचारलं.

"हेर्मोहेनेस."

त्या नावाचे जगात काही ढिगाने नसतात. पण मी तरीही विचारलं, "कुठला?"

"मनिलाचा. बिनोन्दोत राहतो. तुमचा जावई आहे, न्योरा."

तीन वर्षांपूर्वी तू ज्याच्यासाठी माझं घर सोडलंस आणि ज्याचं तोंडही मी कधी बघितलं नव्हतं, तो हा.

"धक्क्यावर सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जागा दिली नसती."

"ती तर न सांगताही दिली नाही."

"म्हणून तर म्हटलं, नाव कशाला खर्च करा."

मोडक्या पायाचा माणूस असं बोलला, फिना. मला हसू आलं, आणि हसताना गाडी आणखी जोरात हाकली गेली.

इम्पो सियांग पडवीत कॉफी निवडत होती. त्याने बसल्या जागेवरून सांगितलं, "आजी, लागला. पहिला." म्हातारीने सूप खाली ठेवलं, उठली, गाडीपाशी आली आणि त्याच्या पायाकडे बघून म्हणाली, "लागलं ते राहू दे, तुला काय लागलंय ते बघ आधी. आत घ्या पोराला."

डॉन फुल्हेन्सिओ घामाघूम होऊन पोचले तेव्हा ती त्याच्या तोंडात गरम कॉफी घालत होती. त्यांना अजून वाटत होतं की जमेल. एकदम गोड आवाज काढला. "सियांग, तो जुना कागद देतेस का? मी तुझ्यासाठी रेशीम आणलंय."

ती म्हणाली, "डॉन, तुम्हाला कागदाची हौस असेल तर पुढच्या महिन्याचा घ्या. हा विकतो. पाय बरा होऊ दे त्याचा."

निवडणाऱ्या बायका हसल्या. माझ्याकडे वळून ते एवढंच म्हणाले, "मळ्याचं काम संपलं तुमचं, न्योरा." मी म्हटलं, "रस्ता मळ्याचा नाही, डॉन. आणि तुमची मासळी सान्तो तोमासला गार होतेय."

तर असा तुझा नवरा थांबलाय. कुठे, ते आता तुला कळलंच. तुझ्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर. डॉक्टरने हाड बसवलंय. ताप उतरलाय. हाड जुळेल, पण पाय पहिल्यासारखा होणार नाही, गावोगाव पायी फिरणं आता नाही, असं डॉक्टर म्हणतो. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. मला वाटतं त्याला माहीत आहे.

गाडी मी हाकत होते. हे तू कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

पोरीला माझा मुका दे.

तुझी इनांग,
कान्दिदा

*

लिपा, शुक्रवार, २६ ऑक्टोबर १८८८

प्रिय फिना,

तुझं पत्र पोचलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एवढंच: "इनांग, तो तुझ्या घरी पाहुणा आहे की जावई, ते लिही. मग मी येईन." हट्ट माझ्यावर गेलाय, अक्षर मात्र तातांगसारखं सुंदर आहे.

इथे सगळं ठीक. आम्ब्रोसिओ उठला. मळ्याचं काम गेलं ते खरंच गेलं. एक आठवडा मोठी गाडी अर्धी रिकामी गेली. मग त्या पडवीतल्या बायकांनी गोष्ट बाजारात नेली, बाजाराने चर्चच्या दारात नेली, आणि आता लोक सांगतात, ज्या बाईने लॉटरीची बातमी वेळेत पोचवली तिच्याच गाडीत बसायचं, शुभ असतं. मी कुणाला शुभ-अशुभ विकत नाही. पण बसायचं म्हणतात तर नाही कशाला म्हणा.

इम्पो सियांगला मीच कलांबापर्यंत नेलं, बक्षीस घ्यायला जाताना. सोबत तिचा मुलगा आणि आपले पाद्री. जन्मभर गाड्या जाताना बघितल्या, आत कधी बसली नव्हती. माझ्या शेजारी पुढे बसवली. सगळ्या वाटेत तिने बाकाची कड धरून ठेवली होती. धक्क्यावर उतरताना म्हणाली, "बसून जाताना झाडं पळतात, हे मला कुणी सांगितलंच नाही." परत आल्यावर मला घोडा घेऊन द्यायला निघाली होती. मी म्हटलं, घोडा मी पारखून घेते, भेट म्हणून घेत नाही. मग ती रोज जावयासाठी शोरबा घेऊन येते. कोंबडी एकच ठरली होती, पण आता खुराडं रिकामं व्हायला आलंय.

हेर्मोहेनेस फळ्या बांधलेला पाय उचलून, कुबडीवर पडवीपर्यंत येतो. पायाचं मी सांगितलं. त्याने कुबडी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "तिकिटं विकण्यापेक्षा लोकांशी बोलणं मला जास्त जमायचं." सान्तो तोमासच्या ठाण्यावर मला असा माणूस हवाच आहे. उतारूंना जागा द्यायच्या, भांडणं मिटवायची, घोडी वेळेवर बदलून घ्यायची. ही दया नाही. दया करायची असती तर घरात बसवून खायला घातलं असतं. मी त्याला विचारलंय. तो म्हणतो, फिनाला विचारून सांगतो. बायकोला विचारणारा माणूस मला तरुणपणी मिळाला नाही, म्हणून मी त्याला तेव्हाच हो म्हणायला लावलं नाही.

त्याने पोरीचंही सांगितलं. तीन खुर्च्या ओळीत मांडते, पाठींना दोऱ्या बांधते आणि कलांबा, कलांबा असं ओरडते. तिने कलांबा बघितलेलं नाही. मला बघितलेलं नाही. कुणी शिकवलं तिला हे? तीन वर्षं तू त्या घरात बसून माझा रस्ता तिला सांगत होतीस. मला एक ओळ लिहिली असतीस तर. मीही लिहिली असती तर.

तुझा प्रश्न मी विसरलेले नाही. येतेच त्याकडे.

गेल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर सगळं गाव होतं. गोबेर्नादोरसिओची, म्हणजे आपल्या गावच्या मुख्याची बायको, हिऱ्याच्या चपलावाली, पंखा हलवत मला विचारते, "न्योरा कान्दिदा, तुमच्या पडवीत तो लंगडा तिकीटवाला कोण बसलेला असतो?" डॉन फुल्हेन्सिओही तिथेच होते, कान देऊन.

मी म्हटलं, "तो माझा जावई. हेर्मोहेनेस त्याचं नाव. पाय माझ्याच गाडीखाली मोडला, दुसऱ्याचं तिकीट वाचवताना. आणखी काही विचारायचं असेल तर पडवीत या, कॉफी तोच करतो, चांगली करतो."

ती पंखा हलवायची थांबली.

हे मी रविवारी बोलले आणि तुझं पत्र मंगळवारी आलं. तेव्हा तू माझ्याकडून वदवून घेतलंस असं समजू नकोस. विचारण्याआधी मी सांगून मोकळी झाले होते, साऱ्या लिप्यासमोर, तुझ्या कागदापेक्षा मोठ्याने.

पुढच्या शनिवारच्या बोटीने ये. कलांबाच्या धक्क्यावर मी स्वतः असेन, मोठी गाडी घेऊन. त्या दिवशी दुसरा उतारू घेणार नाही, लाटसाहेब आला तरी. पोरीला पुढे माझ्याजवळ बसवायची, लगाम माझ्या हातावर हात ठेवून धरेल. सामान जास्त आण. जास्त म्हणजे काय ते तुला कळतं.

मी चुकले असं लिहून हवं असेल तर तेवढं मात्र माझ्या हाताला येत नाही. तीनदा कागद घेतला, तीनदा घोड्यांबद्दल लिहून ठेवलं. गाडी आणता येते, ती आणते.

तुझी, तुझ्या पोरीची आणि हेर्मोहेनेसची,
इनांग कान्दिदा